वावरावरून उडणारा फवारा : ड्रोन घेण्याआधीचा पाठ



मागच्या महिन्यात शहागंजच्या कार्यालयात प्रभागसंघांची बैठक झाली. व्याजाचा विषय दहा मिनिटांत उरकला, बँकेच्या कर्जाचा अर्ध्या तासात. उरलेला सगळा वेळ गेला ड्रोनला. "ताई, आमच्या प्रभागाला मिळणार का?" "हप्ता किती पडंल?" "दहावी झालेली सून आहे, तिला पाठवू का शिकायला?" चहा आला तसाच गार झाला. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका ताईनं विचारलं, "ते यंत्र शेजारच्या कपाशीवर फवारत होतं, तवा आम्ही सहाजणी बांधाच्या अलीकडं खुरपत होतो. अंगावर बारीक तुषार आला. डोळे दोन दिवस चुरचुरले. त्याचं काय करायचं?"

खोली गप्प झाली. उत्तर तयार कोणाकडेच नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. हा पाठ तिच्या प्रश्नासाठी लिहिला आहे. बैठकीत मोठ्यानं वाचा आणि मध्ये मध्ये थांबून बोला.

आधी योजनेचं थोडक्यात. १५ ऑगस्ट २०२३ ला लाल किल्ल्यावरून १५ हजार बचत गटांना ड्रोन देण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर झाली. एकूण तरतूद १२६१ कोटी रुपयांची. ड्रोन आणि त्याच्या साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये, अनुदान. उरलेली रक्कम कर्जानं उभी करता येते आणि त्यावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण : ५ दिवस उडवण्याचं, १० दिवस खत-औषध फवारणीचं. दुसरी एखादी सदस्य किंवा घरातलं कोणी ५ दिवसांचं मदतनिसाचं प्रशिक्षण घेऊ शकतं. हे सगळं तुम्ही कार्यशाळांमध्ये ऐकलं आहे. कमी ऐकलं जातं ते पुढचं.

ड्रोन वाईट आहे असं सांगायला मी बसलेली नाही. यवतमाळ आठवा. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये त्या एका जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप, नळी वर धरलेली, आणि फवारा परत आपल्याच तोंडावर. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, हातमोजे नाहीत, दुपारचं ऊन आणि घामानं उघडी झालेली कातडी. नंतर सरकारनं मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन अशा पाच औषधांच्या विक्रीवर काही भागांत दोन महिन्यांची बंदी घातली. मेलेल्यांच्या घरी कर्ज आणि लेकरं बायकांच्या पदरात आली. ड्रोननं माणूस त्या धुक्यातून बाहेर निघतो, हा त्याचा खरा फायदा आहे, आणि तो लहान नाही.

पण माणूस बाहेर निघाला म्हणून विष कमी झालं का? इथे जरा हिशेब करू, हिशेबात आपण पक्क्या आहोत.

पाठीवरच्या पंपानं एकराला १५० ते २०० लिटर पाणी लागतं. ड्रोनला एकराला ८ ते १० लिटर. आता समजा औषधाची मात्रा एकरी २०० मिली आहे. पंपाच्या २०० लिटर पाण्यात ती टाकली तर एका लिटरमध्ये १ मिली औषध झालं. ड्रोनच्या १० लिटरमध्ये टाकली तर एका लिटरमध्ये २० मिली. म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं पाणी पंपातल्या पाण्यापेक्षा वीसपट तिखट. एकराला पडणारं औषध तेवढंच, पण एकेक थेंब वीसपट जहाल. म्हणून ज्या बाईचा हात त्या टाकीत बुडतो, जिच्या पायावर ते सांडतं, जिच्या डोळ्यात एक शिंतोडा जातो, तिला धोका वाढला. ती बाई बहुतेक वेळा ड्रोन उडवणारी नसते, औषध कालवून देणारी मदतनीस असते. फोटोत ती दिसतच नाही.

त्यात औषध कालवण्याचा क्रम चुकला, चाळणीतून गाळलं नाही, किंवा एवढ्या थोड्या पाण्यात दोन औषधं एकत्र केली आणि ती फाटली, तर नोझल तुंबतं. मग ते उघडायचं कोणी? नख घालून, तोंडानं फुंकून! हसू नका, पंपाच्या नोझलला आपल्यातल्या कितीजणींनी फुंकर मारली आहे ते आपल्यालाच माहीत. ड्रोनचं नोझल जुन्या टूथब्रशनं आणि स्वच्छ पाण्यानं साफ करायचं, हातमोजे घालून. आणि औषध तेच घ्यायचं ज्याच्या लेबलवर किंवा कृषी विभागाच्या कार्यपद्धतीत ड्रोनची मात्रा दिलेली आहे. दुकानदार "चालतंय की" म्हणाला, एवढ्यावर नाही.

आता त्या ताईचा तुषार. ड्रोन पिकाच्या वर साधारण दोन ते तीन मीटरवरून फवारतो. त्याचे थेंब बारीक असतात. केसाच्या जाडीएवढा थेंब हवेत एका सेकंदाला वीतभर, फार तर दीड वीत खाली येतो. तीन मीटर उतरायला त्याला दहा-बारा सेकंद लागले, आणि वारा ताशी ११ किलोमीटरचा असेल, म्हणजे लिंबाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत इतकाच, तर तेवढ्या वेळात तो थेंब तीसेक मीटर दूर जातो. शंभर फूट झाले. ड्रोनच्या पंख्यांचा झोत थेंब खाली दाबतो हे खरं. पण वेग वाढवला किंवा ड्रोन उंच नेला की तो जोर विरून जातो आणि कडेचे थेंब वाऱ्याच्या हाती जातात. आपल्याकडे शंभर फुटांत काय काय येतं ते बघा : शेजारचं वावर, पाण्याचा उघडा हौद, बैलांची दावण, झाडाखाली झोळीत झोपवलेलं लेकरू.

"मग अगदी वारा नसताना फवारू" असं वाटतं. तिथेही एक गोम आहे. हिवाळ्यात पहाटे चुलीचा धूर वर न जाता घरांच्या पत्र्यांच्या उंचीवर आडवा पसरलेला तुम्ही पाहिला असेल. अशा वेळी खालची हवा थंड आणि वरची गरम असते, त्यामुळे बारीक थेंब धुरासारखेच तरंगत राहतात आणि कुठे सरकतील ते सांगता येत नाही. तेव्हा धूर सरळ वर जायला लागेपर्यंत थांबायचं. हलका, एका दिशेनं वाहणारा वारा असावा आणि त्या दिशेला माणूस, पाणी, जनावर नसावं. दुपारच्या उन्हात थेंब वाटेतच सुकून आणखी बारीक होतात, म्हणून तेही नको. उरतो सकाळचा आणि उतरत्या उन्हाचा थोडा वेळ. ड्रोन दिवसाला इतके एकर करतो असं विकणारा सांगतो ना, तो हिशेब असा थोडा वेळ धरून करा.

आपल्या भागाची एक खास गोष्ट. जालना आणि आपल्या जिल्ह्यात आता बऱ्याच घरांनी तुती लावून रेशीम किडे पाळले आहेत, त्यात गटांच्या बायका पुष्कळ. रेशमाचा किडा हा शेवटी किडाच. शेजारच्या कपाशीवरचं कीटकनाशक तुतीच्या पानावर उडून आलं आणि ते पान किड्यांना घातलं तर आख्खी बॅच जाते. म्हणजे एका गटाच्या ड्रोननं दुसऱ्या गटाच्या बाईचं महिन्याभराचं उत्पन्न मारलं. भरपाई कोण देणार? म्हणून तुतीच्या बागेशेजारी काम आलं तर आधी त्या घरी जाऊन बोलायचं. वेळ ठरवायची, नाहीतर त्या कडेच्या पट्ट्या पंपानं सावकाश मारायच्या, आणि नाहीच जमलं तर काम सोडायचं. मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या असतील तिथेही असंच.

हवेतून फवारणीचा सगळ्यात कडू धडा आपल्या देशात केरळच्या कासरगोड जिल्ह्यात आहे. तिथे सरकारी मळामहामंडळाच्या काजूच्या बागा, साडेचार हजार हेक्टरांहून मोठ्या, डोंगरावर. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून २००० सालापर्यंत त्यांच्यावर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं जायचं, वर्षातून दोन-तीनदा. बागा डोंगरावर आणि माणसं खालच्या दऱ्यांत. विहिरी आणि झरे उघडे. गावांत आजारी आणि व्यंग असलेली लेकरं वाढू लागली, तेव्हा लोकांनी बोलायला सुरुवात केली. न्यायालयात गेली ती कृषी खात्यातच नोकरी करणारी एक बाई, लीलाकुमारी अम्मा. तिच्यासारख्यांच्या खटपटीनं तिथली हवाई फवारणी थांबली. १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानचं उत्पादन, विक्री आणि वापर देशभर थांबवला आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. फवारणी थांबली २००० ला, आदेश आला २०१७ ला. मधली सतरा वर्षं आया लेकरांना मांडीवर घेऊन मोर्चात बसत होत्या.

आपला दहा लिटरचा ड्रोन म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे. तरी कासरगोडात जे चुकलं ते आपल्याकडेही चुकू शकतं : पाणी झाकलं नाही, लोकांना सांगितलं नाही, आणि त्रास होतोय म्हणणाऱ्याला वेड्यात काढलं. युरोपातल्या देशांनी २००९ मध्ये हवाई फवारणीला मुळात मनाई करून फक्त अपवाद म्हणून परवानगी ठेवली, तीही अशाच अनुभवांमुळे.

आपल्याकडेही कायदा आहे, फक्त तो कोणी वाचत नाही. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये हवाई फवारणीसाठी वेगळा नियम आहे. फवारायच्या जागेची खूण करायची. लोकांना निदान २४ तास आधी कळवायचं. संबंध नसलेली माणसं आणि जनावरं ठरावीक काळ तिथे जाऊ द्यायची नाहीत. अंग धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय जागेवर ठेवायची. या चार गोष्टी पाळल्या असत्या तर बांधाच्या अलीकडं खुरपणाऱ्या त्या सहाजणींना आदल्या दिवशीच कळलं असतं, आणि त्यांनी त्या दिवशी दुसरं वावर धरलं असतं. ग्रामपंचायतीचा भोंगा आहे, गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पण रोजानं जाणाऱ्या बाईकडे फोन असतोच असं नाही. तिच्या मुकादमाला आणि वस्तीवर स्वतः जाऊन सांगायचं.

आता तारा. खाली उडणाऱ्या कोणत्याही यंत्राचा हा जुना वैरी. अमेरिकेत १९२१ मध्ये ओहायो राज्यात पहिल्यांदा विमानातून झाडांवर कीडनाशक भुकटी टाकली गेली. तेव्हापासून आजपर्यंत फवारणीच्या विमानांचे किती अपघात तारेला अडकून झाले! ड्रोनमध्ये माणूस बसलेला नसतो, पण तार तीच. आपल्या वावरात तर तारांचा नुसता बाजार आहे : झोळासारख्या लोंबणाऱ्या ११ केव्हीच्या, डीपीपासून विहिरीकडे बांबूवरून ओढलेल्या, कोणी टाकलेले आकडे, पाखरांसाठी बांधलेल्या चमकपट्ट्या. ड्रोनचा अडथळा ओळखणारा डोळा झाड ओळखतो, बारीक तार चुकवतो. शिवाय सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की ड्रोन आपोआप वर चढून सरळ रेषेत परत यायला निघतो. त्या रेषेत तार असली तर तो तिच्यातच जातो. म्हणून उडवण्याआधी वावराला पायी एक फेरा घालायचा आणि परतीची उंची तिथल्या सगळ्यात उंच खांब-झाडापेक्षा जास्त ठेवायची. हे काम मदतनिसाचं, आणि ते दर वेळी करायचं. गेल्या महिन्यात मोकळं असलेलं वावर आज मोकळं असेलच असं नाही.

ड्रोन तारेत अडकलाच तर तो लाखांचा आहे म्हणून काठीनं ओढायला कोणी धावू नका. लोकांना लांब ठेवा, महावितरणला १९१२ वर फोन लावा, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावू नका. ड्रोनला विमा असतो. नियमानुसार तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा तर सक्तीचाच आहे, आणि तो काढला का हे संघाच्या अध्यक्षांनी कागद हातात घेऊन बघायचं.

पंख्यांबद्दल एकच बोलते. जाहिरातीच्या फोटोत दीदी छान साडी नेसून रिमोट धरून उभ्या असतात. फोटोपुरतं ठीक आहे. वावरात पदर, मोकळी वेणी, ओढणी काही नको. पूर्ण बाह्यांचा सदरा, सलवार किंवा पँट आणि बूट. पंखे पूर्ण थांबल्याशिवाय टाकी भरायला पुढे जायचं नाही, आणि बघायला जमलेली लेकरं दोरी बांधून लांब थोपवायची. गावात ड्रोन आला की शाळा सुटल्यासारखी गर्दी होते, ती आवरायलाच एक माणूस लागतो.

बॅटरी फुगलेली, पडलेली किंवा गरम असेल तर चार्ज करायची नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत काय उकाडा असतो ते तुम्हाला सांगायला नको. झोपायच्या खोलीत, चुलीजवळ, गॅसजवळ चार्जिंग नको. जवळ वाळूची बादली हवी आणि रात्रभर लावून झोपायचं नाही.

तोंडावर काय बांधायचं हा प्रश्न दर बैठकीत येतो. शहागंजच्या रस्त्यावर मिळणारा कापडी मास्क किंवा गाडीवर बांधतो तो स्कार्फ धुळीला बरा. औषधाला तो उलटा घातक, कारण कापड औषध शोषून घेतं आणि ओलं फडकं तासभर नाकाला चिकटून राहतं. औषध कालवताना फवारणीसाठीचा मास्क, बाजूनं बंद असणारा चष्मा, रबरी हातमोजे आणि अॅप्रन हवा. हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, मागाहून तो कधीच होत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या कामाला हात लावू नये. पण "कोण गरोदर आहे" असं चारचौघींत विचारू नका. कामाची यादी करणाऱ्या ताईनं एवढंच जाहीर करावं की कोणीही कारण न सांगता औषधाच्या कामाला नाही म्हणू शकते आणि तिचा रोज बुडणार नाही, तिला दुसरं काम मिळेल.

उडवायचं कुठे, हेही बघावं लागतं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालवणारी १८ ते ६५ वयाची, दहावी झालेली आणि प्रमाणपत्र असलेली हवी, ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. चिकलठाणा विमानतळाच्या आसपासच्या गावांतल्या सखींनी जास्त लक्ष द्या. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, कितीही खाली उडवला तरी. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपलं गाव लाल, पिवळं की हिरवं ते बघूनच काम घ्या. नियम मोडल्यास दंड १ लाखापर्यंत आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. एकराला तीनशे-चारशे रुपये मिळतात, हप्ता दर महिन्याला भरायचा आहे, आणि गावातले वजनदार शेतकरी दादा सकाळी नऊला म्हणतात, "वारा काय खातोय का, उडव की." तेव्हा पंचवीस वर्षांची ड्रोन दीदी एकटी काय बोलणार? तिनं नाही म्हणायचं ही अपेक्षा तिच्या एकटीवर टाकू नका. संघानं लेखी ठराव करा : वारा अमुकपेक्षा जास्त, शंभर फुटांच्या आत माणसं, आदल्या दिवशी सूचना नाही, यातलं काहीही असेल तर ड्रोन उडणार नाही आणि हा निर्णय संघाचा आहे. ठरावाची प्रत दीदीच्या पिशवीत असू द्या. ती दादांना म्हणेल, "दादा, मी तयार आहे, पण संघाचा कागद आहे." कागदामागे उभं राहून बोलणं सोपं जातं, हे आपण कर्जवसुलीत शिकलोच आहोत. आणि अशा बुडालेल्या दिवसासाठी थोडी रक्कम धरून हप्त्याचा हिशेब मांडा. रोज उडेल असं धरून मांडलेला हिशेबच माणसाला वाऱ्यात उडवायला लावतो.

शेवटी बाधेबद्दल. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, तोंडाला लाळ, दरदरून घाम, मळमळ-उलटी, छातीत दाटणं, अंगाच्या स्नायूंचं फडफडणं, ही कीटकनाशक अंगात गेल्याची लक्षणं असू शकतात. "ऊन लागलं असेल" म्हणून झाडाखाली झोपवून ठेवू नका, यवतमाळला त्यात वेळ गेलेली माणसं आहेत. कपडे काढून साबणानं आणि भरपूर पाण्यानं अंग धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्यानं निदान पंधरा मिनिटं. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नका आणि मुद्दाम उलटी करवू नका. १०८ ला फोन लावा. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या, डॉक्टरांना ते पाहून नेमका उतारा देता येतो. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा विनामूल्य क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, तो ड्रोनच्या पेटीवर रंगानं लिहून ठेवा. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही ओळखायला शिका : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल त्रिकोणाचं औषध गटाच्या ड्रोनमध्ये घालायचंच नाही, असा ठराव एखाद्या संघानं केला तर मला आनंदच होईल.

त्या ताईला मी नंतर फोन केला. डोळे आता बरे आहेत. कोणतं औषध होतं, हे मात्र अजून कोणी तिला सांगितलेलं नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक प्रभागसंघानं आपल्या एका गावाचा हातानं काढलेला नकाशा आणायचा आहे. त्यात तारा, डीपी, उघड्या विहिरी आणि हौद, तुतीच्या बागा, मधाच्या पेट्या, शाळा आणि रोजानं बायका जातात ती वावरं दाखवा. चुना-कुंकवानं काढला तरी चालेल. ज्यांचा नकाशा येईल त्यांच्या ड्रोनच्या अर्जावर आधी चर्चा होईल.